वासुकी किती लांब होता? जीवाश्मांच्या आकड्यांचे आलेख कसे काढावेत

मागच्या थंडीत एका रात्री साडेनऊला भाची लॅपटॉप काखेत मारून आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी आली. ती भूशास्त्राची, मी उपयोजित कलेची. सकाळी पोस्टर छापायला टाकायचं होतं आणि मागणं एवढंच होतं: "मावशी, रंग तेवढे बघून दे. बाकी सगळं झालंय."

पडद्यावर तीन जाडजूड, चकाकणारे, त्रिमितीतले खांब उभे होते. तीन पुरातन सापांची लांबी: सनाजेह ३.५ मीटर, टायटॅनोबोआ १२.८ मीटर, वासुकी १५.२ मीटर. वासुकीचा खांब भगवा आणि त्याच्या डोक्यावर फणा काढलेला नाग.

"म्हणजे वासुकी टायटॅनोबोआपेक्षा मोठा होता?" मी विचारलं.

"दिसतंच आहे की आलेखात."

"आणि शोधनिबंधात काय म्हटलंय?"

ती गप्प झाली. निबंध उघडला. वासुकी इंडिकस हा कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतला साप, सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा. २०२४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. हातात आहेत २७ मणके. मणक्यांवरून लांबी काढायच्या दोन पद्धती वापरल्या, एकीने १०.९ ते १२.२ मीटर उत्तर दिलं, दुसरीने १४.५ ते १५.२. कोलंबियातल्या टायटॅनोबोआचे १२.८ मीटर हा मधला अंदाज, त्याला २.१८ मीटरची वर-खाली सूट. म्हणजे पोरीने एकाचं वरचं टोक घेतलं होतं आणि दुसऱ्याचा मध्य. तिन्ही आकडे निबंधांत छापलेले, एकही खोटा नाही. आलेख मात्र साफ खोटं बोलत होता.

रंग बाजूला राहिले. रात्री दोनपर्यंत आम्ही तो आलेख उसवून पुन्हा शिवला. खालचं सगळं त्या रात्रीतून, आणि त्याआधी भूशास्त्रवाल्या पोरापोरींची पोस्टर्स लावून देताना जे हाती लागलं त्यातून आलेलं आहे. पुराजीव, म्हणजे जीवाश्मांतूनच कळणारे जुने जीव, म्हटले की माल कमी आणि अंदाज जास्त असतो. काय सापडलं आणि काय अंदाजलं, या दोन गोष्टी बघणाऱ्याला वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी वाक्य लिहा

संगणक उघडण्याआधी कागदावर एक पूर्ण वाक्य लिहायचं: हा आलेख काय सांगणार आहे? "सापांची लांबी" हे वाक्य नव्हे, मथळा आहे. भाचीचं पहिलं वाक्य "वासुकी जगातला सर्वांत मोठा साप होता" असं होतं. ते पुराव्यात बसत नाही म्हणून खोडलं. दुसरं असं झालं: "वासुकी आणि टायटॅनोबोआ यांच्या लांबीचे अंदाज एकमेकांवर येतात, मोठा कोण हे आज ठरवता येत नाही." आता आलेखाने काय दाखवायचं ते ठरलं. अंदाजांचे पट्टे एकमेकांवर आलेले दिसले पाहिजेत. खांबात पट्टा दिसत नाही, तेव्हा खांब बाद. आलेखाचा प्रकार निवडायला वेगळी अक्कल लागत नाही, वाक्यच निवडून देतं.

वाक्य दोन झाली तर आलेखही दोन करा. एकाच चौकटीत लांबी, वजन, वय आणि तापमान कोंबलेली पोस्टर्स मी पाहिली आहेत. त्यातून भूक लागल्याखेरीज काही हाती लागत नाही.

तक्ता: इथे घाई केली की पुढे सगळं बिघडतं

बहुतेकांच्या तक्त्यात "लांबी" असा एकच रकाना असतो आणि पाणी तिथेच मुरतं. जीवाश्मांसाठी निदान इतके रकाने ठेवा: जातीचं नाव, ठिकाण, प्रत्यक्ष हाडं कोणती आणि किती, हाडावर मोजलेला आकडा, त्यावरून काढलेल्या अंदाजाची खालची मर्यादा, वरची मर्यादा, अंदाजाची पद्धत, वयाची जुनी मर्यादा, वयाची अलीकडची मर्यादा, आणि हे सगळं कुठल्या निबंधाच्या कितव्या पानावरून घेतलं ते.

वासुकीला या तक्त्यात दोन ओळी मिळतात, कारण पद्धती दोन आहेत. त्यांची सरासरी काढून १३ मीटर असा एक आकडा तयार करू नका. दोन्हींपैकी एकही पद्धत १३ म्हणत नाही. ते तुमचं अपत्य ठरेल.

सनाजेहला उलटी अडचण. गुजरातमधल्या ढोली डुंगरीला टायटॅनोसॉर जातीच्या डायनासोरच्या घरट्यात, फुटक्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला हा साप. २०१० मध्ये त्याचं वर्णन आलं. लांबी सुमारे ३.५ मीटर, इतकंच भाचीच्या टिपणात होतं, खालची-वरची मर्यादा नाही. ती म्हणाली, "दहा टक्के धरू? चालशे?" आमच्या बडोद्याच्या घरांत मराठी वाक्याच्या शेपटाला गुजराती अशी सहज चिकटते. पण नाही चालशे. रकाना रिकामा ठेवायचा. आलेखात तो ठिपका पोकळ काढायचा आणि खाली लिहायचं की मर्यादा उपलब्ध नाही.

मोजणीच्या आकड्यांनाही हाच न्याय. बालासिनोरजवळच्या रहियोलीला सापडलेल्या रहियोलीसॉरस या डायनासोरच्या हाडांत उजव्या नडग्या सात आहेत, म्हणून प्राणी *किमान* सात. आठवा असेलही, त्याची उजवी नडगी सापडली नसेल. तक्त्यात "७" लिहिलं की "किमान" गळून पडतं आणि आलेखात ते परत येत नाही. शेजारी शेऱ्याचा रकाना ठेवा.

वयाचे दोन रकाने का, हे पॅलिओबायोलॉजी डेटाबेस या जीवाश्मांच्या नोंदींच्या साठ्यातून माहिती उतरवून घेणाऱ्यांना ठाऊक असेल. तिथे प्रत्येक नोंदीला जुनी आणि अलीकडची अशा दोन मर्यादा येतात. घाईत लोक दोन्हींचा मध्य काढतात आणि तोच ठिपका म्हणून मांडतात. मग ज्या थराचं वय नीट कळलेलं नाही अशा डझनभर नोंदी एकाच मध्यबिंदूवर रचल्या जातात, आणि त्या क्षणी प्राण्यांची जत्रा भरली होती की काय असं वाटतं. जत्रा भरलेली असते ती फक्त भागाकाराची.

खांब की ठिपका

१९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी माणसांना आलेख दाखवून कोणती तुलना डोळा अचूक करतो ते तपासलं. एकाच मोजपट्टीवरची जागा ओळखण्यात आपण सर्वांत तरबेज. लांबी आणि कोन त्याखाली, क्षेत्रफळ आणि घनफळ तर फारच खाली. पाय चार्ट, फुगे आणि त्रिमितीतले खांब आपण डोळ्याच्या कमकुवत बाजूवर सोडलेले असतात.

म्हणून आमच्या तीन सापांसाठी ठिपका आणि पट्टा निवडला, तोही आडवा. नावं डावीकडे, एकाखाली एक. उभ्या खांबांखाली लांबलचक शास्त्रीय नावं तिरकी करावी लागतात आणि वाचणाऱ्याची मान दुखते; आडव्या मांडणीत तो प्रश्नच उरत नाही. क्रम लांबीचा न ठेवता वयाचा ठेवला: वर सनाजेह, मध्ये टायटॅनोबोआ, खाली वासुकी. लांबीनुसार लावलं असतं तर पुन्हा "पहिला कोण" हाच खेळ झाला असता.

वासुकीच्या ओळीत दोन वेगळे पट्टे, मध्ये मोकळी जागा. ती मोकळी जागा भरायचा मोह होतो, भरू नका. टायटॅनोबोआचा पट्टा सुमारे १०.६ ते १५.० आणि मध्ये ठिपका. वासुकीच्या पट्ट्यांत मात्र ठिपका नाही, कारण मधला आकडा दिलेलाच नाही. चित्र समोर आल्यावर भाची स्वतःच म्हणाली, "अरे, हे तर एकमेकांवरच येतायत." वाक्य चित्रात उतरलं.

इथे एक बारकावा आहे. पट्टा सारखा दिसला तरी अर्थ सारखा असेलच असं नाही. एका निबंधात तो प्रमाणित विचलनाचा (नोंदी किती पसरल्या) असतो, दुसऱ्यात प्रमाणित त्रुटीचा (सरासरी किती डळमळीत), तिसऱ्यात ९५ टक्के विश्वास-अंतराचा, आणि वासुकीसारख्या ठिकाणी एका सूत्राने दिलेला निव्वळ खालचा-वरचा आकडा. एकाच आकडेवारीवर प्रमाणित त्रुटीचा पट्टा विचलनाच्या पट्ट्यापेक्षा नेहमी आखूड दिसतो, म्हणून काही जण तोच लावतात. कोणता लावलाय ते लिहा. दोन जातींचे पट्टे वेगळ्या जातकुळीचे असतील तर रेषेचा प्रकार बदला, एक भरीव आणि एक तुटक.

मोजपट्टी शून्यापासून हवी का? खांब असेल तर हवीच, कारण खांबाची लांबी हाच आकडा असतो. बुंधा कापला की लबाडी झाली. ठिपक्यांना ती सक्ती नाही. आम्ही तरी शून्यापासूनच घेतली, कारण लांबी मनात भरायला हवी होती. १२ मीटरवर एक फिकी उभी रेघ मारून "मोठी बस" असं बारीक अक्षरात लिहिलं. भाचीला तिथे कमाटी बागेतल्या संग्रहालयाचा देवमासा हवा होता. बडोद्याचं प्रत्येक पोर त्या सांगाड्याखाली तोंड उघडून उभं राहिलेलं असतं, त्यामुळे कल्पना वाईट नव्हती. पण तो सांगाडा सत्तर फुटांच्या घरातला. त्याच्यासाठी मोजपट्टी २२ मीटरपर्यंत ताणली तर साप डाव्या कोपऱ्यात गोळा होतात. बसच बरी.

काळाचा अक्ष

पुराजीवांचा आलेख इतर आलेखांपासून खरा वेगळा होतो तो इथे.

दिशा आधी ठरवा. थरांची गोष्ट सांगायची असेल तर काळ उभा काढा, जुना तळाला आणि नवा वर. खडक तसेच साठलेले असतात आणि भूशास्त्रवाल्याचा डोळा त्याला सरावलेला असतो. बाकी वाचकांसाठी काळ आडवा, जुना डावीकडे. मग आकडे डावीकडून उजवीकडे उतरत जातात, ७० नंतर ६०, नंतर ५०. सॉफ्टवेअर आपणहून हे उलटं करतं: शून्य डावीकडे ठेवतं आणि काळ मागे धावू लागतो. स्प्रेडशीटमध्ये अक्षाच्या मांडणीत "उलटा क्रम" असा पर्याय असतो. आर या संगणकी भाषेत आलेखांसाठी जीजीप्लॉट वापरत असाल तर अक्ष उलटवायची एक ओळ पुरते. अक्षाच्या नावात "वर्षांपूर्वी" हा शब्द हवाच. तो असला की उतरते आकडे कुणाला खटकत नाहीत.

आता एकक. इंग्रजीत सगळं दशलक्षांत चालतं. मराठी वाचकाच्या कानाला कोटी सवयीचे. ६६ दशलक्ष म्हणजे ६.६ कोटी, म्हणजे ६ कोटी ६० लाख. या उड्या मारताना दशांश चिन्ह हटकून निसटतं, आणि "डायनासोर ६६ कोटी वर्षांपूर्वी संपले" असं वाक्य तयार होतं. तेव्हा डायनासोर तर सोडाच, पाठीचा कणाही जन्माला आला नव्हता. माझा नियम असा: विद्यार्थ्यांच्या, विद्यापीठाच्या पोस्टरवर दशलक्ष, गणपतीत, शाळेत, संग्रहालयात लावायच्या फलकावर कोटी. एकाच फलकावर दोन्ही कधीच नाही. आणि तक्ता दशलक्षातच ठेवून रूपांतर शेवटी, एकाच ठिकाणी, एकाच सूत्राने.

अक्षाखाली कालखंडांची पट्टी लावावी. आरमध्ये डीपटाइम नावाचं मोफत पॅकेज ही पट्टी आपोआप बसवतं, ठरलेल्या रंगांसकट: क्रिटेशिअस हिरवा, ज्युरासिक निळा, ट्रायासिक जांभळा, पॅलिओजीन नारिंगी. जगभर हेच रंग रूढ आहेत, म्हणून स्वतःची हौस इथे भागवू नका. उलट हे रंग जातींसाठी वापरायचे टाळा, नाहीतर हिरवा ठिपका क्रिटेशिअसचा की सनाजेहचा अशी गफलत होते. कालखंडांच्या सीमा अधूनमधून दुरुस्त होतात. क्रिटेशिअसची सुरुवात बरीच वर्षं १४५ दशलक्ष वर्षांवर होती, अलीकडच्या आवृत्तीत ती १४३.१ आहे. कोणत्या वर्षीचा तक्ता वापरला ते कोपऱ्यात लिहून ठेवलं की पुढच्या वर्षी कुणी भांडायला येत नाही.

जातींचा आयुष्यकाळ दाखवणारे आडवे पट्टे काढताना आणखी जपा. सर्वांत जुना जीवाश्म म्हणजे जातीचा जन्म नव्हे आणि सर्वांत अलीकडचा म्हणजे मृत्यू नव्हे. सिग्नर आणि लिप्स या पुराजीवशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये हे दाखवून दिलं: नोंदी विरळ असल्या की अचानक झालेला संहारसुद्धा हळूहळू झाल्यासारखा दिसतो, कारण प्रत्येक जातीची शेवटची *सापडलेली* खूण खऱ्या शेवटाच्या आधीच संपते. सीलाकॅन्थ माशाचं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या कुळाचे जीवाश्म सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थांबतात, आणि १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिवंत मासा जाळ्यात येतो. म्हणून पट्टा काढा पण त्यावर प्रत्येक खऱ्या नोंदीची बारीक उभी खूण करा. जिथे खुणा नाहीत आणि तरी जात असणार असं वंशवृक्ष सांगतो, तिथे तुटक रेघ. बघणाऱ्याला एका नजरेत कळतं की पट्टा बारा हाडांवर उभा आहे की दोन.

भाचीला तीन सापांची लांबी काळावर मांडून त्यातून एक कलरेषा काढायची होती. सनाजेह क्रिटेशिअसच्या शेवटाला, टायटॅनोबोआ ५.८ ते ६ कोटींच्या दरम्यान, वासुकी ४.७ कोटी. तीन ठिपके, तीन वेगळी ठिकाणं. सॉफ्टवेअरला सांगितलं तर ते रेष काढतं, लाजत नाही. आपण लाजावं. वर तिला उजवीकडे दुसरा उभा अक्ष लावून तापमानही दाखवायचं होतं, कारण टायटॅनोबोआसाठी ३० ते ३४ अंश आणि वासुकीच्या ठिकाणासाठी सुमारे २८ अंश असे अंदाज आहेत. दोन उभ्या अक्षांचा आलेख हा हातचलाखीचा कारखाना आहे. मोजपट्ट्या वरखाली सरकवल्या की कोणत्याही दोन गोष्टी हातात हात घालून चालताना दिसतात. त्यापेक्षा दोन चौकटी एकाखाली एक लावा, काळाचा अक्ष सामाईक ठेवा, आणि जोडायचं काम वाचकाच्या डोळ्याला करू द्या.

मोजणीचे आलेख: किती अंडी, किती प्रजाती

२०२३ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून टायटॅनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवल्याचा निबंध आला. इंदूरकडचे आमचे नातेवाईक तेव्हा असे खूश होते जणू अंडी त्यांनीच घातली. भागाकार केला तर घरट्यामागे २.८ अंडी. हा एकच खांब काढून मोकळं होणारे आहेत. पण घरट्यांत एकापासून वीसपर्यंत अंडी होती, २.८ अंड्यांचं घरटं एकही नाही. तेव्हा सरासरी बाजूला ठेवा आणि प्रत्येक घरट्याला एक ठिपका द्या: आडव्या अक्षावर अंड्यांची संख्या, तेवढी अंडी असलेली घरटी एकावर एक. ९२ ठिपके एका पोस्टरवर आरामात मावतात. डावीकडची दाटी आणि उजवीकडचा एखादा एकटा ठिपका, हे सगळं उघडं दिसतं. अक्षाचं नाव "*सापडलेली* अंडी". घातलेली किती होती ते कोणाला माहीत? झीज झाली, फुटली, वाहून गेली.

साधा हिशेब म्हणून लक्षात ठेवा: शंभराच्या आतबाहेर नोंदी असतील तर प्रत्येक नोंद दाखवता येते, आणि दाखवावी. शे-पाचशेच्या पुढे ठिपके एकमेकांवर चढतात, तेव्हा पेटी-आलेख (मधल्या निम्म्या नोंदी एका पेटीत दाखवणारा) किंवा घनतेची वक्ररेषा शोभते. सहा नोंदींवर पेटी-आलेख काढणं म्हणजे चार पाहुण्यांसाठी मांडव घालणं.

कालखंडनिहाय प्रजातींची संख्या हा नेहमीचा सापळा. कालखंड सारख्या लांबीचे नसतात. क्रिटेशिअसमधला कॅम्पेनियन सुमारे ११ दशलक्ष वर्षांचा, त्याच्या आधीचा सँटोनियन दोन-अडीच. समजा एकात २२ प्रजाती मिळाल्या आणि दुसऱ्यात ५. सारख्या रुंदीचे खांब काढले तर वाटेल की प्राण्यांची भरभराट झाली. काळाच्या प्रमाणात दोन्हीकडे जवळपास तेवढ्याच आहेत. म्हणून खांबाची रुंदी कालखंडाच्या लांबीइतकी ठेवा आणि उंची दर दशलक्ष वर्षांमागे किती प्रजाती याची. नुसता भागाकारही पुरा पडत नाही, कारण त्याच त्या प्रजाती पुढच्या दशलक्षातही भेटत राहतात. त्यामुळे मुख्य आलेखाच्या खाली एक बुटकी पट्टी जोडा: त्या कालखंडातून जीवाश्मांचे किती संग्रह गोळा झाले. वरची टेकडी आणि खालची टेकडी हुबेहूब सारखी दिसली तर समजावं की आपण प्राण्यांची संख्या न मोजता उत्खननाची मेहनत मोजली आहे. जमत असेल तर सारख्या आकाराचे नमुने काढून केलेली तुलना द्या. रेअरफॅक्शन म्हणतात तिला, मराठी शब्द मला तरी सुचलेला नाही.

वजन आणि लॉगची मोजपट्टी

टायटॅनोबोआचं वजन १,१३५ किलो असा अंदाज, मर्यादा ६५२ ते १,८१९ किलो. साध्या मोजपट्टीवर हा पट्टा वाकडा दिसतो: खाली ४८३ चं अंतर, वर ६८४ चं. लॉग मोजपट्टीवर, जिच्यात प्रत्येक खूण आधीच्या दहापट असते, तो जवळपास समतोल होतो, कारण वजनाच्या अंदाजातली चूक बेरजेची नसते, पटीची असते. चार पायांच्या प्राण्यांचं वजन मांडीच्या आणि दंडाच्या हाडाच्या परिघावरून काढतात, तिथेही चूक साधारण २५ टक्के अशी टक्क्यांतच सांगतात. म्हणून वजनाला लॉग. शिवाय उंदराएवढा आणि घराएवढा प्राणी एका चौकटीत बसवायचा दुसरा उपाय नाही.

लॉगवर खांब मात्र काढू नका. लॉगला शून्य नसतं, मग खांब उगवणार कुठून? खुणांवर १, १०, १००, १,००० असे खरे आकडे लिहा, घातांक नकोत, आणि अक्षाच्या नावात "प्रत्येक खूण दहापट" असं स्पष्ट म्हणा.

सावल्या आणि फणा

प्राण्यांच्या काळ्या आकृत्या फायलोपिक या संकेतस्थळावर फुकट मिळतात; प्रत्येकीची परवान्याची अट वेगळी असते, ती वाचून श्रेय द्या. आकृती ओळख पटवण्यापुरती, नावाशेजारी, सगळ्या एका उंचीच्या. आकड्याप्रमाणे चित्र मोठं करायला गेलात की फसलात: उंची दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि डोळा त्यात मनातल्या मनात जाडी घालून आठपट समजतो.

आणि तो फणा. वासुकी नाव शंकराच्या गळ्यातलं म्हणून पोरीने नाग चिकटवला होता. हा मॅडसोइड या नामशेष कुळातला साप, अजगरासारखा आवळून मारणारा असावा असं मानतात. फणा काढला. तिला थोडं वाईट वाटलं.

रंग, ज्यासाठी ती आली होती

झटपट सांगते. आधी सगळं काळ्या-करड्यात काढा. काही बिघडत नसेल तर रंग लागतच नाही. लागला तर एकच, आणि ज्याच्याविषयी वाक्य आहे त्याला. जास्त गट असतील तर ओकाबे आणि इतो या जपानी जोडीने ठरवलेले आठ रंग घ्या. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्यांनाही ते वेगळे दिसतात. चढत्या आकड्यांना इंद्रधनुष्य नको, व्हिरिडिस हा जांभळ्याकडून पिवळ्याकडे जाणारा रंगक्रम चालतो. रंगासोबत आकारही बदला: गोल, चौकोन, त्रिकोण. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानात एक झेरॉक्स काढून बघा. झेरॉक्समध्ये वाचता आला तो आलेख पास.

देवनागरीची स्वतःची दुखणी

इंग्रजी पुस्तकांत हे मिळणार नाही, म्हणून थोडं थांबते. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये मराठी अक्षरं टाकली की पुष्कळदा पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. "क्रिटेशिअस" ओळखू येत नाही. आरमध्ये रॅग नावाच्या पॅकेजने चित्र साठवलं की अक्षरं नीट जुळतात. नाहीतर सरळ मार्ग: आलेख अक्षरांविना एसव्हीजी या चित्र-फाइलीत काढा आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नावं हाताने बसवा. लिब्रेऑफिसमध्ये ही अडचण सहसा येत नाही. आधी "क्ष, त्र, र्‍या, ष्ट्य, कि" एवढं टाकून चाचणी घ्या, मगच पुढे जा.

टंक मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी; दोन्ही मोफत आणि बारीक आकारातही स्वच्छ. आपल्या लिपीला वर मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सढळ ठेवा, नाहीतर "कूर्म"चा ऊकार खालच्या ओळीच्या डोक्यावर बसतो. शास्त्रीय नावं तिरकी छापायची रीत रोमन लिपीची. देवनागरीत तिरका टंक बहुधा नसतोच. सॉफ्टवेअर सरळ अक्षरं ढकलून तिरकी करतं आणि ती पडायला आल्यासारखी दिसतात. नाव सरळच ठेवा, हवं तर किंचित ठळक.

आकडे कोणते? देवनागरी किंवा इंग्रजी, कोणतेही, पण एकच. अक्षावर 10 आणि खाली मजकुरात १०, असं धेडगुजरी नको. बारीक आकारात १ आणि ९ एकमेकांचे जुळे भाऊ होतात, म्हणून देवनागरी आकडे एक-दोन पॉइंट मोठे घ्या. आमच्या पोस्टरवर आकडे देवनागरी होते आणि सगळ्यांत लहान अक्षर २४ पॉइंटचं. तपासायची रीत घरगुती आहे: पोस्टरचा आलेख खऱ्या आकारात काही पानांवर छापून भिंतीला चिकटवा आणि सहा फुटांवरून घरातल्या चष्मेवाल्या माणसाला वाचायला सांगा. आमच्याकडे ते काम यजमानांनी अर्धवट झोपेत केलं.

तळटीप आणि छपाई

आलेखाखालचा मजकूर असा लिहिला: "तीन पुरातन सापांच्या एकूण लांबीचे अंदाज, जुन्यापासून नव्याकडे. भरीव ठिपका: मधला अंदाज. पोकळ ठिपका: एकच आकडा उपलब्ध, मर्यादा नाहीत. वासुकीचे दोन पट्टे म्हणजे दोन वेगळ्या पद्धती (१०.९ ते १२.२ आणि १४.५ ते १५.२ मीटर), दोन्ही त्याच २७ मणक्यांवरून. पट्टे एकाच रीतीने काढलेले नाहीत." चार-पाच ओळी झाल्या, होऊ देत. आलेख फोटोत कापला जाऊन एकटाच फिरतो, तेव्हा त्याच्यासोबत एवढी शिदोरी असावी.

फाइल पीडीएफमध्ये द्या, अक्षरं आत गोठवून. चित्रच द्यायचं असेल तर छापायच्या आकाराला ३०० डीपीआय. आम्ही एकच गोष्ट विसरलो. पट्टे पडद्यावर सुरेख बारीक दिसत होते, पाव पॉइंटचे. सकाळी दुकानातून पहिली प्रत आली तर वासुकीचे दोन्ही पट्टे जवळजवळ गायब, नुसतं नाव लटकलेलं. दुकानदार भाऊ म्हणाले, "बेन, लाइन जाडी करो." सगळे पट्टे दीड पॉइंट केले, फिक्या रेघा अर्धा पॉइंट, आणि दुसरी प्रत निघेपर्यंत आम्ही दोघी समोरच्या गाडीवर सेव-उसळ खात उभ्या राहिलो.